क्रॉनिक फटिग सिंड्रोम : ‘दुसऱ्या दिवशी काय होते?’

दवाखान्यात दिवसाकाठी येणाऱ्या रुग्णांपैकी निदान चार-पाच जण तरी अशक्तपणाची तक्रार घेऊन येतात. शब्द निरनिराळे असतात. कोणी म्हणते अंगात त्राण नाही, कोणी म्हणते हातपाय गळून जातात. कोणाला नुसता शीण वाटतो, तर कोणाला सकाळी उठल्या उठल्याच मरगळ येते. आपल्या माळव्यातील रुग्ण ‘कमजोरी’ हा शब्द सरसकट वापरतात आणि ‘एक बाटली लावून द्या’ ही शिफारसही स्वतःच करतात. आपण डॉक्टर मंडळी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड पाहतो. काही सापडले तर उपचार करतो. न सापडले तर बी-कॉम्प्लेक्स लिहितो आणि ‘रोज फिरायला जा, मन रमवा’ असे सांगून रुग्णाला निरोप देतो. बहुतेकांना त्याने बरे वाटते. ज्यांना वाटत नाही, आणि ज्यांना आपल्या त्या फिरण्याच्या सल्ल्यानेच अपाय होतो, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

अपाय हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. माझ्या हातून तो झालेला आहे.

२००८ सालची गोष्ट. रुग्ण एका मराठी शाळेतील शिक्षिका, वय छत्तीस. येथे त्यांना मी ‘बाई’ एवढेच म्हणतो, कारण आमच्या भागातील मुले त्यांना त्याच नावाने ओळखत. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्यास त्यांची संमती आहे. पावसाळ्यात त्यांना ताप आला, घसा धरला, मानेत गाठी आल्या. दहा-बारा दिवसांत ताप उतरला, बाई शाळेत रुजू झाल्या, पण पूर्वीच्या बाई परत आल्या नाहीत. पाच महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा एक तास शिकवून झाला की दुसऱ्या तासाला खुर्चीवर बसून राहावे लागत होते. रात्री आठ-नऊ तास झोप होई, पण सकाळी झोपलोच नाही असे वाटे. वीस वर्षे तोंडपाठ असलेली कविता फळ्यावर लिहिताना मधलाच शब्द आठवेनासा होई. हिमोग्लोबिन ११.८, थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंडे सर्व यथास्थित. छातीचे चित्र स्वच्छ.

बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, आता तुम्हीच हिला समजावा. रिपोर्ट सगळे चांगले आहेत म्हणता, मग झोपून राहायला हिला झालंय तरी काय?” प्रश्न वावगा नव्हता. उत्तर मात्र मी ठोकळेबाज दिले. आजारपणानंतर स्नायू सैल पडले आहेत, सवय मोडली आहे, म्हणून रोज पंधरा मिनिटे चालायचे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची, असे सांगितले. वर म्हणालो, “सुरुवातीला थकवा वाटेल, पण नेट सोडू नका.”

बाई शिक्षिका होत्या. सांगितलेले त्यांनी तंतोतंत केले, आणि त्याची नोंद शंभर पानी वहीत ठेवली. दीड महिन्याने ती वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. सोमवार : चालणे तीस मिनिटे, जमले. मंगळवार : सकाळी बरी, संध्याकाळी घसा दुखू लागला. बुधवार : अंग ठणकते, प्रकाश सहन होत नाही. गुरुवार : अंथरूण. शुक्रवार : अंथरूण. पुढच्या सोमवारी पुन्हा चालणे, आणि पुन्हा बुधवार-गुरुवार तसेच. मी चार पाने उलटली आणि म्हणालो, “असे सारखे स्वतःकडे लक्ष देत बसलात तर आजार वाढेल. ही वही बंद करा.” निदान त्या वहीत लिहिलेले होते आणि ते मी रुग्णाच्या हातात परत दिले.

तीन महिन्यांनी त्यांना शाळेचा जिना चढवेना. वर्ष संपण्याआधी नोकरी सुटली. एका मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे मी त्यांना पाठविले. त्याने तपासून मला फोन केला : “हिला नैराश्य नाही. नैराश्यात माणसाची इच्छा जाते. हिची इच्छा शाबूत आहे, ताकद गेली आहे.” ते ऐकूनही पुढे काय करावे हे मला सुचले नाही.

आजाराचे नाव आणि नावाने केलेला घात

या आजाराचे आज प्रचलित असलेले जोडनाव ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस / क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ असे आहे. त्याच्या दोन भागांमागे दोन वेगळ्या कथा आहेत.

पहिली कथा लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील. १९५५ च्या जुलैत तेथील डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकामागून एक आजारी पडू लागले. ताप, घसा, गाठी, स्नायूंची वेदना व अशक्तता, चक्कर, स्मरणाचा घोटाळा. एकूण २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. तेथील डॉ. मेल्व्हिन रॅमसे यांनी या रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीय लिहून ‘बिनाइन मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव सुचविले. कोणी दगावले नव्हते म्हणून ‘बिनाइन’, म्हणजे सौम्य. अनेक रुग्ण वर्षानुवर्षे परावलंबी झाल्याचे पाहून हे विशेषण पुढे गळून पडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणात या आजाराला मज्जासंस्थेच्या विकारांत स्थान दिले. पण लगेच १९७० मध्ये दोन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून रॉयल फ्रीची साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया होता असे प्रतिपादन केले. त्यांनी रुग्ण तपासले नव्हते, जुनी कागदपत्रे चाळली होती. बाधितांत स्त्रियांचे प्रमाण फार, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. परिचारिकांच्या वसतिगृहात स्त्रिया अधिक असणार हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. पण लेख गाजला आणि त्याची छाया दोन पिढ्यांवर पडली.

दुसरी कथा अमेरिकेची. १९८४-८५ मध्ये नेवाडा राज्यातील टाहो सरोवराकाठच्या इनक्लाइन व्हिलेज या गावी असेच रुग्ण आढळले. त्यानंतर १९८८ मध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या पुढाकाराने ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ हे नाव व व्याख्या प्रसिद्ध झाली. हेतू प्रामाणिक असेल. कारण ठाऊक नाही तर लक्षणावरून नाव द्यावे, एवढाच. परंतु क्षयाला ‘जुनाट खोकला लक्षणसमूह’ म्हटले असते तर क्षयरुग्णाकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असते? थकवा कोणाला येत नाही? या नावामुळे ऐकणारा प्रत्येक जण ‘थकवा तर मलाही येतो’ असे म्हणू लागला आणि रुग्णाची बाजू पहिल्याच वाक्यात पडली.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना येथे एक गोष्ट आठवेल. आपल्या संहितांत ‘श्रम’ आणि ‘क्लम’ असे दोन शब्द आहेत. श्रम हा कष्टाने येणारा शीण, तर क्लम म्हणजे कष्टावाचून येणारी ग्लानी. हा आजार प्राचीनांना ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. तसे दावे आपल्याकडे उगाच फार होतात. पण थकव्याच्या जाती अनेक आहेत आणि त्या वेगळ्या ओळखाव्यात, ही जाण त्या दोन शब्दांत आहे.

थकवा हे लक्षण, आणि हा आजार : दोन वेगळ्या गोष्टी

हा फरक कळण्यासाठी आपल्या जवळचेच एक उदाहरण घेऊ. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात १८ ते ५० वयोगटातील २,४९४ स्त्रियांची पाहणी करून २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिने वा अधिक काळ थकव्याची तक्रार असणाऱ्या स्त्रिया सुमारे १२ टक्के निघाल्या. आपल्यापैकी कोणीही म्हणेल, अ‍ॅनिमिया असणार. पण हिमोग्लोबिनशी थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कमी शिक्षण, घरातील कर्ज, उपासमार, नवऱ्याकडून होणारा लैंगिक अत्याचार, निर्णयांत सहभाग नसणे, घरच्यांचा आधार नसणे आणि मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी. मला ही पाहणी फार मोलाची वाटते. ‘कमजोरी’ म्हणून येणाऱ्या स्त्रीला लोहाची गोळी देऊन पाठवण्याआधी घरी काय चालले आहे ते विचारावे, हे तिने शिकविले.

मात्र या १२ टक्के स्त्रियांना क्रॉनिक फटिग सिंड्रोम होता असे समजणे ही मोठी चूक ठरेल. पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, या आजाराची नव्हे. पाश्चात्त्य देशांत नेमकी हीच गल्लत पुष्कळ संशोधनात झाली. सैल व्याख्या वापरून नैराश्याचे, अतिकामाचे, अपुऱ्या झोपेचे रुग्ण एकत्र केले गेले आणि त्यांच्यावर लागू पडलेले उपाय खऱ्या रुग्णांवर लादले गेले.

मग खरा रुग्ण ओळखायचा कसा? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नऊ हजारांहून अधिक शोधनिबंध तपासून २०१५ मध्ये जो अहवाल दिला, त्यातील कसोटी दवाखान्यात वापरण्याजोगी आहे. तीन लक्षणे हवीतच. पहिले, पूर्वीच्या कामकाजाच्या क्षमतेत सहा महिन्यांहून अधिक काळ मोठी घट आणि तिच्यासोबत नव्याने आलेला, विश्रांतीने न जाणारा गाढ थकवा. दुसरे, श्रमानंतरचा बिघाड. तिसरे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे. याखेरीज बुद्धीच्या कामात अडथळा किंवा उभे राहिल्याने त्रास वाढणे, या दोहोंपैकी एक तरी असावे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये याहून लवकर पाऊल उचलण्यास सांगितले : मोठ्या माणसांत सहा आठवड्यांनी आणि मुलांत चार आठवड्यांनी संशय घ्यावा, तीन महिन्यांनी निदान पक्के करावे.

यांतील दुसरे लक्षण हे या आजाराचे मर्म आहे. इंग्रजीत त्याला ‘पोस्ट एक्झर्शनल मलेझ’ म्हणतात. आपण ‘श्रमोत्तर बिघाड’ म्हणू. हा बिघाड म्हणजे दमणे नव्हे. साधा माणूस दमला की त्याच वेळी दमतो, जेवतो, झोपतो आणि सकाळी ठीक होतो. या रुग्णाला श्रमाच्या वेळी कित्येकदा बरेच वाटते. बिघाड येतो तो बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन दिवसांनी, आणि आला की दिवसच्या दिवस, क्वचित महिने टिकतो. घसा दुखणे, गाठी, अंगदुखी, डोक्यात धुके, आवाज व प्रकाश सहन न होणे असे सगळेच एकदम वर येते. श्रम म्हणजे केवळ चालणे नव्हे. लग्नघरी दोन तास बसून बोलणे, बँकेचा अर्ज भरणे, जोराचे भांडण, एवढेच काय, डोक्यावरून आंघोळ करणे, हाही श्रमच.

म्हणून ‘थकवा येतो का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळेच हो म्हणतात. विचारायचे ते असे : “नेहमीपेक्षा थोडे जास्त काम केले तर दुसऱ्या दिवशी काय होते? आणि तिसऱ्या दिवशी?” हा प्रश्न मी २००८ मध्ये विचारला नाही. बाईंनी न विचारता उत्तर लिहून आणले होते.

नैराश्याशी गल्लत टाळण्यासाठीही एक प्रश्न उपयोगी पडतो. “उद्या सकाळी एकदम बरे वाटले, तर काय काय कराल?” नैराश्याचा रुग्ण बहुधा गप्प राहतो किंवा ‘काय करायचे आहे?’ म्हणतो. या आजाराचा रुग्ण यादी सुरू करतो आणि ती संपत नाही. अर्थात दीर्घ आजाराला कंटाळून नैराश्य वरून येऊ शकते. तेव्हा त्यावरही उपचार करायचे.

शरीरात काय बिघडते

संपूर्ण उत्तर अद्याप हाती नाही. पण ‘काही सापडत नाही’ हे म्हणणेही आता खरे राहिलेले नाही.

बहुसंख्य रुग्णांत सुरुवात एखाद्या संसर्गानंतर होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील डबो या गावी एपस्टाइन-बार विषाणू, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू या तीन अगदी भिन्न संसर्गांच्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तिन्ही संसर्गांनंतर सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के रुग्ण क्रॉनिक फटिग सिंड्रोमच्या व्याख्येत बसत होते. हे कोणाला होणार ते मूळ आजार किती तीव्र होता यावर अवलंबून होते. रुग्णाच्या स्वभावावर वा आधीच्या मनःस्थितीवर नव्हे.

श्रमोत्तर बिघाड यंत्रावर दाखविता येतो. रुग्णाला सायकलवर व्यायाम देऊन त्याचा प्राणवायूचा वापर मोजायचा आणि तीच चाचणी चोवीस तासांनी पुन्हा करायची. निरोगी पण व्यायाम नसलेला माणूस दोन्ही दिवशी जवळपास सारखाच आकडा देतो. या रुग्णांत दुसऱ्या दिवशी क्षमता खाली घसरलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. सवय मोडल्याने स्नायू सैल पडले, हे माझे २००८ मधील स्पष्टीकरण या एका निरीक्षणाने कोसळते, कारण सवय एका रात्रीत मोडत नाही. अर्थात ही चाचणी रुग्णाला आजारी पाडते. ती दवाखान्यात करण्याची गोष्ट नव्हे. २०२४ मध्ये आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडच्या रुग्णांच्या स्नायूंचे नमुने व्यायामापूर्वी व व्यायामानंतर एका दिवसाने तपासले, तेव्हा श्रमानंतर स्नायूंना इजा झाल्याचे आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती मंदावल्याचे दिसले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील ‘डीकोड एमई’ प्रकल्पाने पंधरा हजारांवर रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून जनुकसंचातील आठ ठिकाणे दाखविली. निदानाची रक्तचाचणी मात्र अजून नाही.

वाटेत फसगतीही झाल्या. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू याचे कारण असल्याचा निबंध आला, जगभर आशा पसरली; पुढे तो प्रयोगशाळेतील दूषितीकरणाचा परिणाम ठरला आणि २०११ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

व्यायामाचा सल्ला कोठून आला

मी दिलेला सल्ला माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. इंग्लंडच्या ‘नाइस’ने २००७ मध्ये ‘क्रमाक्रमाने वाढता व्यायाम’ हाच उपचार शिफारस केला होता. २०११ मध्ये ‘पेस’ नावाच्या, ६४१ रुग्णांवरील चाचणीने त्यावर शिक्का मारला, आणि २०१३ मध्ये व्यायामाने वा मानसोपचाराने बावीस टक्के रुग्ण बरे झाल्याचे जाहीर झाले. रुग्णांना मात्र आपला अनुभव उलटा दिसत होता. त्यांनीच कागद तपासले. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापावर ६५ किंवा कमी गुण असणाऱ्यांना चाचणीत घेतले होते, आणि ‘बरे झाले’ म्हणण्याची क्षमतेची रेषा ८५ वरून पुढे ६० वर आणली होती. म्हणजे ६५ वरून ६० वर उतरलेला, अधिक बिघडलेला रुग्ण या एका कसोटीवर ‘बरा’ ठरू शकत होता! ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने माहिती अधिकाराखाली केलेल्या अर्जावरून २०१६ मध्ये लंडनच्या न्यायाधिकरणाने आकडे खुले करण्याचा आदेश दिला. मूळ ठरलेल्या निकषांवर हिशेब केल्यावर बरे होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक उरला नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘नाइस’ने क्रमाक्रमाने वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली, आणि मानसोपचार हा आधार म्हणून द्यावा, आजार बरा करणारा उपचार म्हणून नव्हे, असे स्पष्ट केले.

येथे गैरसमज नको. मधुमेह, हृदयविकार, नैराश्य, स्थूलता आणि साध्या तापानंतरची अशक्तता या सर्वांत चालणे हितकारकच आहे. मी स्वतः रोज चालतो. प्रश्न फक्त ज्याला श्रमोत्तर बिघाड आहे त्याचा आहे, आणि म्हणूनच फिरण्याचा सल्ला देण्याआधी तो एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

दवाखान्यात काय करावे

प्रथम, बरे करता येणारे दुसरे कारण सुटू देऊ नये. आपल्याकडे क्षय, रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ची कमतरता, कावीळ व एचआयव्ही, संधिवाताचे प्रकार, अ‍ॅडिसनचा विकार, झोपेत श्वास अडकणे, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलियाक आजार आणि रुग्ण आधीपासून घेत असलेली औषधे यांचा विचार हवा. वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, ताप टिकून असेल, तर या आजाराचे नाव घेण्याची घाई करू नये.

दुसरे, रुग्णाला उभे करून पाहावे. यंत्र लागत नाही. रक्तदाबाचे उपकरण आणि घड्याळ पुरे. दहा मिनिटे झोपवून नाडी व रक्तदाब घ्यावा. मग टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून, पाठ भिंतीला टेकवून दहा मिनिटे उभे करावे आणि दर मिनिटाला मोजावे. नाडी ३० ठोक्यांहून अधिक वाढून तशीच राहिली (किशोरवयात ४०), किंवा पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने उतरला, तर उपचाराला एक वाट सापडते. पाणी व मीठ वाढविणे, पायांना घट्ट मोजे, सावकाश उठणे, आणि गरजेप्रमाणे औषध. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मीठ वाढवायचे नाही, हे सांगावयास नकोच. चाचणीत रुग्ण कोसळू शकतो, म्हणून कोणीतरी शेजारी उभे असावे.

आजार घालविणारे औषध आज उपलब्ध नाही. झोप, वेदना, डोकेदुखी यांवर नेहमीची औषधे द्यावीत, पण मात्रा अगदी थोडीपासून सुरू करावी. हे रुग्ण औषधांनाही नाजूक असतात. महागडी जीवनसत्त्वांची इंजेक्शने, सलाईनच्या बाटल्या आणि ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ पाकिटे यांवर कुटुंबाचा पैसा जाऊ देऊ नये.

मुख्य उपाय म्हणजे मोजून वागणे. ‘पेसिंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ नळाला एक दिवसाआड पाणी येण्याची सवय असलेल्या आपल्या इंदूरकरांना फार समजावून सांगावा लागत नाही. गच्चीवरील टाकीत किती पाणी आहे ते पाहून आपण बादल्या काढतो. आज पाणी दिसते म्हणून सगळे उपसले तर उद्या अडते, आणि या टाकीची गोष्ट अशी की ती कोरडी पडली की पुढच्या खेपेस भरतेही कमी. तेव्हा बरे वाटले तरी थांबायचे. किंबहुना बरे वाटते तेव्हाच थांबणे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे. भाजी बसून चिरावी, आंघोळ स्टुलावर बसून करावी, दोन कामांमध्ये डोळे मिटून पडावे. हे सर्व साधण्यासाठी रोजची नोंद हवी.

२०१५ चा अहवाल वाचल्यानंतर काही महिने मी अस्वस्थ होतो. शेवटी २०१६ मध्ये बाईंच्या घरी गेलो. तेव्हा त्या बहुतेक वेळ पडूनच असत. माझा सल्ला चुकला होता आणि तुमची वही बरोबर होती, असे मी सासूबाईंसमोर सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि ती वही घेऊन आल्या. त्यांनी ती टाकू दिली नव्हती. पुढचे दोन महिने आम्ही त्या वहीच्या आधारे दिवसाची आखणी केली. ती आखणी खऱ्या अर्थाने सांभाळली ती सासूबाईंनी. सुनेला उठू न देणारी सासू मी तेवढी एकच पाहिली आहे. आज बाई घरात हिंडूफिरू शकतात, दिवसाआड शेजारच्या एका मुलीला वीस मिनिटे मराठी शिकवतात. नोकरी परत मिळाली नाही. मोठ्या माणसांत पूर्ण बरे होणारे थोडेच असतात, आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा अंथरुणाला खिळलेले असतात. मुलांत सुधारणा अधिक दिसते, जर दहावीच्या परीक्षेच्या धाकाने त्यांना रेटले नाही तर.

कोविडनंतर

२०२० आणि २०२१ च्या साथींनंतर हा विषय एखाद्या दुर्मीळ रुग्णापुरता राहिला नाही. दीर्घ कोविडच्या रुग्णांपैकी एका गटात श्रमोत्तर बिघाडासह हेच चित्र दिसते. अमेरिकेच्या शासकीय आरोग्य पाहणीत २०२१-२२ मध्ये १.३ टक्के प्रौढांनी आपणास हा आजार असल्याचे सांगितले. चिकुनगुन्या आणि डेंग्यू दरवर्षी आपल्या दारात असतातच. आपल्या व्यवसायबंधूंपैकीही काही जण कोविडनंतर सकाळची ओपीडी कशीबशी उरकून दुपारी खोली बंद करून पडतात, आणि ‘वय झाले’ असे म्हणून विषय टाळतात. त्यांनीही स्वतःला तो दुसऱ्या दिवसाचा प्रश्न विचारावा अशी विनंती आहे.

नातेवाइकांसाठी थोडेसे. भेटायला जावे, पण पंधरा मिनिटांत उठावे. ‘चेहरा तर छान टवटवीत दिसतो’ हे वाक्य टाळावे. भेटीसाठी तिने आदल्या दिवशी पडून राहून शक्ती साठविलेली असते, आणि भेटीनंतरचे दोन दिवस आपण पाहत नाही. लग्नाला आली नाही म्हणून राग धरू नये. जेवणाचा डबा नेऊन देणे हे चौकशीच्या दहा फोनांपेक्षा उपयोगाचे.

आणि व्यवसायबंधूंसाठी एक व्यावहारिक सूचना. रजेच्या किंवा कामातील सवलतीच्या प्रमाणपत्रावर ‘सर्वसाधारण अशक्तता’ असे लिहू नये; तो कागद कार्यालयात कोणी गांभीर्याने घेत नाही. आजाराचे पूर्ण नाव लिहावे, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील जी ९३.३ हा क्रमांक घालावा, आणि रुग्ण सलग किती वेळ बसू शकतो, किती वेळ उभा राहू शकतो व श्रमानंतर त्याला किती दिवस पडून राहावे लागते, हे आकड्यांत नमूद करावे. ते आकडे रुग्णाच्या वहीत मिळतात.